जोवीचा फ्लेक्स

नेस्तोर सांगितलेलं काम अर्धवट टाकतो आणि न सांगितलेलं चोख करतो, हे लिगायाला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. म्हणून शनिवारी सकाळी धाकटा भाऊ गॅरेजच्या दाराला शिडी लावताना दिसला, तेव्हाच ती हातातलं काम टाकून बाहेर धावली. लेकीची शाळा संपली म्हणून ठेवलेल्या जेवणासाठी त्याला फक्त बर्फ आणायला सांगितलं होतं.

बर्फ गाडीत वितळत होता आणि वर फ्लेक्स उलगडत होता.

आठ फूट लांब, चार फूट उंच. ठळक निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘अभिनंदन जोवेलिन! आमच्या घराण्यातली पाचवी नर्स!’ खाली डाव्या कोपऱ्यात खुद्द नेस्तोर, काळा चष्मा लावून, ‘शुभेच्छुक: लाडका मामा’. आणि मधोमध जोवी, पांढऱ्या गणवेशात, डोक्यावर पांढरी टोपी, हातात पेटती मेणबत्ती. चेहरा तिच्या शाळेच्या ओळखपत्रावरचा होता. हनुवटीखालचं सगळं दुसऱ्याच कुणाचं होतं.

“हे अंग कुणाचं रे?” लिगायाने विचारलं.

“आते अम्पारोचं,” नेस्तोर शिडीवरून अभिमानाने म्हणाला. आते म्हणजे त्यांच्या भाषेत थोरली बहीण; अम्पारो ही त्यांची थोरली, घरातली पहिली नर्स. “तिच्या टोपी-समारंभातला फोटो, चौऱ्याऐंशी सालचा. बघ कसा जुळवलाय! मान कुठे संपते कळतं तरी का?”

“कळतं.”

“तुला माहीत आहे म्हणून कळतं. रात्रीच फेसबुकवर टाकलाय. गुमाकाहून सगळ्यांचे निरोप येतायत.”

म्हणजे गावाकडच्या सगळ्या गल्लीला कळून चुकलं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. जोवीने नर्सिंगची जागा अजून घेतलेलीच नव्हती. ती घेणार नव्हती. आणि हे त्या अंगणात फक्त तिघांना माहीत होतं: जोवीला, लिगायाला आणि मागे निखारे पेटवत बसलेल्या जोवीच्या बाबांना, रोदेलला.

“खाली उतर आणि बर्फ आत ने,” एवढंच लिगाया म्हणाली. खरं तर फ्लेक्स काढ म्हणायला हवं होतं. पण का, असं त्याने विचारलं असतं.

बुधवारी तांदूळ आणायला दोघी मायलेकी गेल्या होत्या. दुकानासमोर गाडी लावतानाच जोवी म्हणाली होती, “मा, इंजिन बंद कर. मला काहीतरी सांगायचंय, आणि तू गाडी चालवत असताना सांगितलं तर आपण दोघी मरू.”

लिगायाने किल्ली फिरवली. “दिवस गेलेत का तुला?”

“काय? नाही! मा!”

“मग बोल. बाकी काहीही चालेल.”

“मला नर्स नाही व्हायचं.”

याच्यापेक्षा दिवस गेलेले परवडले असते, असं लिगायाला क्षणभर वाटून गेलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

जोवीने सगळं क्रमाने सांगितलं. शाळेत ती दोन वर्षं विजेच्या कामाच्या वर्गाला जात होती, हे घरात माहीत होतं. इस्त्री दुरुस्त करण्यापुरतं ते बरं, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण तिच्या मास्तरांनी, फ्रीसेन सरांनी, तिचं नाव वीज कंपनीच्या उमेदवारीसाठी पाठवलं. तारा ओढायच्या, खांबावर चढायचं, चार वर्षं शिकायचं आणि शिकता शिकता पगार. मे महिन्यात परीक्षा झाली. चाळीस फुटी लाकडी खांब, बुटांना लोखंडी काटे, कमरेला पट्टा. पस्तीस जणांत मुली चार.

“नऊ मुलगे अर्ध्यावरून उतरले, मा. एक तर रडला. मी वर पोचले. वरून नदी दिसते, रेल्वेचं यार्ड दिसतं, सगळं विनिपेग दिसतं. मला खाली यावंसंच वाटेना.”

“बाबांना माहीत आहे?”

जोवी खिडकीबाहेर बघायला लागली.

“कधीपासून?”

“मार्चपासून.”

रोदेलला त्या रात्री जे ऐकून घ्यावं लागलं ते त्याने मुकाट्याने ऐकलं. शेवटी तो म्हणाला, “मी तिकडे पूल बांधणारा इंजिनिअर होतो, इथे कारखान्यात खिडक्यांना काचा बसवतो. कुणी काय व्हावं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?”

पण मुख्य गोष्ट जोवी गाडीतून उतरताना म्हणाली होती. “सोमवारपर्यंत दोन्हीकडे कळवायचंय. शनिवारी सगळ्यांसमोर मीच सांगेन. सांगितलं की तुझ्याकडे बघेन. तू नको म्हणालीस तर मी सोमवारी नर्सिंगला नाव घालते, शपथ. रुसणार नाही, वर्षभर तोंड पाडून बसणार नाही. फक्त ‘बघू’ म्हणू नकोस. तुझं ‘बघू’ मला कधीच कळलेलं नाही.”

लिगायाच्या ओठांवर ‘बघू’च आलं होतं. तिने ते गिळलं.

अकराच्या सुमारास अम्पारो आली. दोन हातांत दोन मोठी ताटं, काखेत पर्स, आणि दारातूनच सूचना. ताटांवरचा चकचकीत कागद काढू नका, उन्हात ठेवू नका, आणि हा नूडल्सचा वास कसला येतोय, करपले की काय?

“करपले नाहीत, आते.”

अम्पारोने झाकण उचललं. “मोडलेस का तू? आयुष्य लांब व्हावं म्हणून हे खायचं आणि तू पातेल्यात बसत नाहीत म्हणून मोडलेस. पोरीच्या समारंभाला!”

“थोडेच मोडलेत.”

“आयुष्य थोडंच मोडतं का?”

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी अम्पारो एकटी या शहरात आली. मग एकेक करून बहिणीला, भावाला, बापाच्या माघारी आईला तिने इथे आणलं. कुणाचे कागद, कुणाची परीक्षा, कुणाचा पहिला हिवाळी कोट, सगळं तिने बघितलं. त्यामुळे या घरातल्या प्रत्येक पातेल्याचं झाकण उचलायचा हक्क तिला होता. निदान तिला तरी तसं वाटे, आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांनाही.

तिने पर्समधून एक लहान डबी काढली. आत छातीवर लावायचं घड्याळ होतं, नर्सा लावतात तसं, उलटं लटकणारं. “जेवण झालं की मी स्वतः लावणार तिला. माझ्या दोन्ही पोरींना लावलं तसं.” तिचे डोळे भरून आले. अम्पारोचे डोळे सहसा भरत नाहीत.

“आते,” लिगाया पातीचा कांदा चिरता चिरता म्हणाली, “समज, जोवीला दुसरंच काही करावंसं वाटलं...”

“अठराव्या वर्षी सगळ्यांनाच दुसरं काहीतरी करावंसं वाटतं. भूक लागली की उतरतं ते.”

“हो, पण इथे तशी भूक लागत नाही ना.”

अम्पारोने मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. लिगायाने सुरी धुवायला घेतली आणि विषय तिथेच संपला.

लिगाया वाईट नर्स नव्हती, हे आधी सांगायला हवं. सव्वीस वर्षांत तिच्या हातून कधी औषध चुकलं नाही. पण गुमाकात ती सतरा वर्षांची असताना तिला गणित शिकवायचं होतं. तिथल्या कन्याशाळेत, खडूने, फळ्यावर. एके दिवशी ती घरी आली तर टेबलावर नर्सिंग कॉलेजचा अर्ज होता. तो भरून झालेला होता, आणि तिचं नाव आईच्या अक्षरात लिहिलं होतं. त्या काळी कुणी कुणाला काय आवडतं ते विचारत नसे. कुठल्या देशाला काय हवंय ते विचारत. सौदीला नर्सा हव्यात, अमेरिकेला नर्सा हव्यात, म्हणून पोरी नर्सा होत. पुढे पुढे तर गावातले दोन डॉक्टरसुद्धा पोरासोरांबरोबर वर्गात बसून नर्स झाले आणि विमानात चढले. कुणी हसलं नाही. अजूनही ड्युटीवर जाताना लिगाया हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावून पाच मिनिटं नुसती बसून राहते. मग उतरते.

दुपारी अंगण भरलं. तीसेक माणसं होती. लोला पुरिंगला, म्हणजे लिगायाच्या आईला, पोरांच्या आजीला, मेपलच्या सावलीत खुर्ची दिली होती. येईल तो आधी तिच्यापुढे वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावी आणि मग जेवणाकडे वळे. एकोणऐंशी वर्षांची म्हातारी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती, “जेवलास का?” नुकत्याच आलेल्यालाही आणि दुसऱ्यांदा ताट भरून घेतलेल्यालाही.

फ्लेक्स बघून तिने एवढंच विचारलं होतं, “मेणबत्ती कशाला? वीज गेलीय का?”

जोवीने जेवताना घास चिवडला. रोदेल शेगडीसमोरून हलत नव्हता. सगळं मांस भाजून झालं तरी तो रिकाम्या जाळीवर चिमटा फिरवत होता. अशा वेळी नवरा असून नसून सारखाच, असं लिगायाला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की तिचीही अवस्था काही वेगळी नाही.

नेस्तोरने गाण्याच्या मशीनचा माइक हातात घेतला. “मंडळी! एक मिनिट! आता आमची भावी नर्स दोन शब्द बोलेल, आणि त्याआधी आते अम्पारो तिला...”

अम्पारो डबी उघडून पुढे झाली. तिने जोवीच्या झग्यावर घड्याळ टेकवलं आणि जोवी एक पाऊल मागे सरली.

“तिता, थांबा. मला आधी बोलू द्या,” ती मावशीला म्हणाली.

माइक किंचाळला. कुणीतरी कानांवर हात ठेवले. जोवीने तो मामाकडून घेतला आणि तोंडापासून लांब धरला.

“मी नर्स होणार नाहीये. माफ करा, मी आधीच सांगायला हवं होतं. वीज कंपनीने मला उमेदवार म्हणून घेतलंय. तारांचं काम, खांबावरचं. त्यांना सोमवारी कळवायचंय. मला... मला जायचंय.”

मशीनच्या पडद्यावर समुद्रकिनारा आणि नारळाची झाडं आवाजाविना हलत होती. अंगणात तेवढंच हलत होतं.

नेस्तोर हसला. “चेष्टा करतेय! चेष्टा आहे, मंडळी!”

“चेष्टा नाही, तितो,” जोवी मामाला म्हणाली.

“खांबावर? पोरीच्या जातीने? अगं, खांबावर चढायला आपण कॅनडात आलो का? गुमाकात खांब नव्हते?” त्याचा आवाज चढला. “माझा बाप आयुष्यभर खांबावर चढला! शाळेत मला पोरं ‘खांब्या’ म्हणायची! वीज गेली की लोक आमच्या दाराशी येऊन शिव्या द्यायचे! त्यातून बाहेर काढलं आम्हाला आमच्या आईने, या इनायने, आणि ही परत तिथेच चढतेय! आता मी लोकांना काय सांगू? फेसबुकवर दोनशे चाळीस जणांनी अभिनंदन केलंय!”

“मग आभार मान त्यांचे,” शेगडीपाशी रोदेल म्हणाला. दिवसभरातलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं.

जोवी मामाकडे बघत नव्हती. ती लिगायाकडे बघत होती.

ठरल्याप्रमाणे ती नुसती बघत होती. विनवणी नव्हती, डोळ्यांत पाणी नव्हतं. नको म्हटलं असतं तर तिने खरंच सोमवारी नाव घातलं असतं, आणि रुसलीही नसती. लिगायाला त्याचीच भीती वाटली. ही पोर शब्दाला जागणारी आहे. ती निमूटपणे चांगली नर्स होईल, तिच्या हातून कधी औषध चुकणार नाही, आणि कामावर पोचल्यावर पाच मिनिटं गाडीत बसून राहील. आणि का बसते ते आपल्यालाच सांगणार नाही.

“माझं हो आहे,” लिगाया म्हणाली. आवाज नीट फुटला नाही म्हणून तिने पुन्हा म्हटलं. “ऐकलंत का सगळ्यांनी? माझं हो आहे. तिला जाऊ दे.”

जोवीने तोंडावर हात दाबून धरला.

“तू?” अम्पारो गर्रकन वळली. “तुला माहीत होतं! सकाळी कांदा चिरत मला खेळवत होतीस!”

“सांगणार होते, आते. धीर झाला नाही.”

“आणि आता झाला? एवढ्या लोकांसमोर? तिला थंडी माहीत नाही, तिला पडणं माहीत नाही. तू आई आहेस की कोण आहेस?”

“मला कुणी विचारलं नव्हतं, आते!” लिगायाचा आवाज अंगणभर गेला. तिला स्वतःलाच तो अनोळखी वाटला. “सतराव्या वर्षी माझं नाव दुसऱ्याने लिहिलं. तुझंही तसंच लिहिलं असेल. आपण काय केलं? निमूट गेलो. मग तिनेही निमूट जायचं का, आपण गेलो म्हणून?”

“मला तरी कुणी विचारलं होतं?” अम्पारो म्हणाली.

तिने घड्याळ परत डबीत ठेवलं.

“पण विचारलं असतं ना, तर मी हेच म्हटलं असतं. नर्स. दुसरं काही नाही.” तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं. “पंचवीस वर्षं तुम्ही ‘आतेचा त्याग, आतेचा त्याग’ म्हणत बसता. नाताळला भाषणं काय, रडणं काय. कसला त्याग? मला ते काम आवडतं! मी अर्धा तास आधी जाते ती काय देशसेवा म्हणून जाते? मला रात्री झोपताना पेशंट आठवतात आणि बरं वाटतं. हे तुमच्यापैकी कुणाला कधी खरंच वाटलं नाही.”

लिगायाला तिच्याविषयी इतकी वर्षं वाटत आलेली दया आठवली आणि कानशिलं तापली.

“मग तेच समजाव ना तिला!” नेस्तोर म्हणाला. “आवडतं म्हणून सांग!”

“माझं आवडणं तिला कसं लावू? ते काय घड्याळ आहे?” अम्पारोने डबीचं झाकण टकदिशी लावलं. “मनाविरुद्ध आलेल्या पोरी मी बघितल्यात माझ्या वॉर्डात. पेशंटने घंटा वाजवली की त्यांचं पाऊल जड पडतं. बोलत काही नाहीत, कामही करतात, पण ते पाऊल पेशंटला ऐकू येतं. ही माझ्या वॉर्डात नको मला.” मग ती लिगायाकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “तुझंही ऐकू यायचं गं. पहिल्या वर्षी आपण एका मजल्यावर होतो तेव्हा. मी कधी बोलले नाही.”

ते लिगायाला लागायला हवं होतं, आणि लागलंही. पण त्याबरोबर आणखीही काहीतरी झालं. आपलं कुणालाच दिसत नाही असं ती धरून चालली होती, आणि बहिणीने ते कधीच ओळखून ठेवलं होतं. तिने अम्पारोचा दंड धरला. अम्पारोने तो सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात मेपलखालची खुर्ची कुरकुरली. लोला पुरिंग काठी टेकत उठली. कुणाकडे न बघता ती अंगण ओलांडून घरात गेली आणि दार बंद झालं.

जोवीचा चेहरा पांढराफटक पडला. “मा, लोला...”

“तू इथेच थांब,” लिगाया म्हणाली.

खोलीत लोला पलंगाच्या कडेला बसली होती. पंखा तिच्या पातळ केसांवरून वारा नेत होता.

“दार लाव. आता नेस्तोर गाईल. सुचेनासं झालं की तो गातो.”

लिगायाने दार लावलं. आणि खरोखरच बाहेरून नेस्तोरचा आवाज आला, एका जुन्या प्रेमगीताचा, पहिल्याच ओळीला घसरलेला.

“इनाय, तुम्ही रागावलात?”

“तुला वाटतं मला लाज वाटतेय. खांबाची.”

लिगाया शेजारी बसली. “शाळेच्या कागदावर बाबांच्या नावापुढे तुम्ही ‘सरकारी नोकर’ लिहायचात. ते सरकारी नोकर नव्हते.”

“लिहायचे खरी.” म्हातारी एकदम मिश्कील हसली, आणि तेवढ्याच झटकन हसू संपलं. “लाज होती थोडी. नाही कशाला म्हणू? पण थोड्या लाजेसाठी कुणी पोरींना समुद्रापार धाडत नाही.”

पंख्याने दोन फेऱ्या घेतल्या.

“वादळ आलं की इतर बायकांचे नवरे घरी यायचे. वादळ थांबलं की माझा बाहेर जायचा. आठवतं तुला? छप्पर उडालेलं, तुम्ही तिघं टेबलाखाली, गुडघाभर पाणी. आणि हा माणूस पट्टा बांधतोय. म्हणायचा, लोक अंधारात आहेत, पुरिंग. मी म्हणायचे, आणि आम्ही काय उजेडात आहोत? मग तो जायचा. कधी दोन दिवस, कधी पाच. कोण येऊन काय सांगेल म्हणून मी दाराकडे पाठ करून बसायचे.”

“हे तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तू विचारलंस कधी? आपल्याकडे आई विचारत नव्हती, पोरं विचारत नव्हती. पोटभर जेवायचं आणि गप्प बसायचं.” लोलाने काठी मांडीवर आडवी घेतली. “मी एवढंच बघितलं, की हॉस्पिटलला छप्पर असतं. वादळात नर्स आत असते. बस्स. आणि नशिबाने जगाला नर्सा हव्या होत्या. न्हावी हवे असते तर आज तुम्ही दोघी डोकी भादरत असतात.”

लिगायाला हसूही आलं आणि रडूही आलं. तिने दोन्ही येऊ दिलं. तीस वर्षं तिने त्या भरलेल्या अर्जावर मनातल्या मनात राग धरला होता. त्या अक्षरामागे दाराकडे पाठ करून बसलेली बाई होती, हे तिला आत्ता कळत होतं. राग गेला असं नाही. पण त्याला धरून ठेवायचं बळ राहिलं नाही.

“मला गणित शिकवायचं होतं, इनाय.”

“माहीत आहे मला,” लोला म्हणाली. “तू कोंबड्यांना पाढे शिकवायचीस.” तिने मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवला. माफी मागायची त्यांच्याकडे रीत नव्हती. हात मात्र ती बराच वेळ तिथे ठेवून बसली.

“इथे वादळं येतात?” तिने मग विचारलं.

“बर्फाची येतात.”

“आणि ती बाहेर जाणार.”

लिगायाने खोटं बोलायचं टाळलं. “जाणार. पण एकटी नाही. तिघं-चौघं बरोबर असतात. पाळणा लावलेली गाडी असते, पुष्कळदा चढावंही लागत नाही. तार मेलीय की जिवंत आहे ते दोनदा तपासल्याशिवाय कुणी हात लावत नाही. मी सगळं विचारून घेतलंय तिला, इनाय. तीन दिवस मी दुसरं काही केलेलं नाही.”

“तुझा बाप बांबूच्या शिडीने चढायचा,” लोला म्हणाली. ती उठली. “चल.”

“तिला आत बोलावते.”

“नको. आत बोलले तर नेस्तोर उद्या भलतंच सांगत फिरेल. सगळ्यांना ऐकू दे.”

त्या दोघी बाहेर आल्या तसं नेस्तोरचं गाणं मध्येच तुटलं. जोवी पायरीपाशीच उभी होती, अम्पारो तिच्या शेजारी. अम्पारो तिला काहीतरी विचारत होती, हातमोजे किती जाड असतात असं काहीतरी, आणि जोवी बोटांनी जाडी दाखवत होती. आजीला बघून तिचा हात तसाच राहिला.

लोलाने तिला खालून वर न्याहाळलं.

“किती उंच चढलीस?”

“चाळीस फूट, लोला.”

“खाली बघितलंस?”

“बघितलं.”

“तुझा आजोबा कधी बघायचा नाही. म्हणायचा, खाली बघितलं की घर आठवतं.” म्हातारीने श्वास घेतला. “भीती वाटली?”

जोवीने मामाकडे, मावशीकडे, मग आईकडे बघितलं. “चढताना वाटली. वर गेल्यावर नाही.”

“वाटू दे. वाटते तोवर पट्टा नीट बांधशील.” लोला आणखी जवळ गेली. ती नातीच्या खांद्यापर्यंतच येत होती. “मी तुला हो म्हणत नाही. माझ्याच्याने ते होणार नाही, या वयात तर नाहीच. तुझ्या आईने म्हटलंय, ते पुरे. पण काम झालं की मला फोन करायचा. रोज. खाली उतरलीस, पाय जमिनीला लागले, की आधी मला.”

“करेन, लोला. चढायच्या आधीपण करेन.”

“नाही!” लोलाने काठी आपटली. “आधी नाही करायचा. आधी केलास तर मी नको म्हणेन, आणि तू पोर अशी आहेस की ऐकशील. उतरल्यावर कर. तोवर मी दाराकडे तोंड करून बसेन.”